तुझं गाव बंद करताना

प्रणाली,

तुझं गाव बंद करायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं बघ. मी कशी आहे हे तुझ्याहून जास्त कोणाला माहीत? गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून घरी परतते. कुलूप लावल्यावर ओढून बघते, चार पावलं जाते, पुन्हा येऊन ओढते. तू मला भित्री भागूबाई म्हणायचीस आणि मी चिडायचे, कारण ते खरं होतं. आता जिला कशाचीच भीती नव्हती ती गेली आणि हे काम करायला मागे उरली कोण, तर मी. देवाला पण काही कळतं की नाही!

तू कशी गेलीस ते मी लिहीत नाही. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण ते नव्याने विचारत होता आणि काकू प्रत्येकाला नव्याने सांगत होत्या. माझ्यापुरतं एवढंच की तू दुपारी कॉम्प्युटरसमोरून पाणी प्यायला उठलीस आणि परत खुर्चीत बसली नाहीस. त्या धावपळीत कॉम्प्युटर बंद करायचं कोणाला सुचलं नाही, आणि नंतर कोणाची हिंमत झाली नाही.

मला हे कळलं तेव्हा तेरवी व्हायची होती. मी अमरावतीला परत आले होते, ऑफिसला जाऊन नुसती बसत होते. काकांचा फोन आला. तुझ्या बाबांचा फोन म्हणजे तुला माहीतच आहे, जन्मभर लाइनमन म्हणून खांबांवर चढलेला माणूस, फोनवर दोन वाक्यांपुढे जात नाही. म्हणाले, "शुभांगी, तू येऊन जाय वं. पोरीचा कॉम्प्युटर तसाच चालू हाय. उन्हाळ्याच्या लाइनचा काई भरोसा नाई."

मी विचारलं, इतके दिवस चालूच आहे काका?

"बंद कसा करू? थे उभी हाय ना त्याच्यात."

मी फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. काका जे बोलले त्याने तर घेतलीच. पण मला आणखी एक गोष्ट माहीत होती जी त्यांना माहीत नव्हती.

ती काय हे तुला सांगायची गरज नाही, पण तुझ्या आत्याला आणि मामीला मी जसं समजावलं तसं इथे लिहून ठेवते. ठोकळे रचून घरं, रस्ते, अख्खी गावं बांधायचा तो खेळ. आपण दोघींनी त्याला एक जादा तुकडा लिहून जोडला होता, त्याला प्लगिन म्हणतात. आपण त्याचं नाव ठेवलं होतं धुरा. दोन वावरांमधला, म्हणजे शेतांमधला, बांध तो धुरा. गावात येणाऱ्याने आपलं वावर आखायचं, पेरायचं, पाटी लावायची, आणि दुसऱ्या कोणाला तिथे फार तर पाटी लावता यायची, एक ठोकळाही हलवता यायचा नाही. तेल्हाऱ्याची तुझी मावसभावंडं, बार्शीटाकळीच्या माझ्या भाच्या, अकोल्यात तुमच्या जठारपेठेतल्या गल्लीतली सगळी पोरं, सगळे आपापल्या घरून तुझ्या कॉम्प्युटरवरच्या या गावात यायचे, सगळ्यांची वावरं तिथे होती. कोणाचं कुठून कुठवर, काय पेरलं, पाटीवर काय लिहिलं, हे लक्षात ठेवायला फाइली. प्रत्येकाची वेगळी फाइल, सातबाऱ्यासारखी. वर नाव, त्याच्या खाली थोडं आत सरकून वावर, त्याच्याही खाली आणखी आत सरकून पीक. साधी अक्षरं, कोणीही उघडून वाचावं.

पण खेळ चालू असतो तेव्हा हे सगळं कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या डोक्यात असतं. फाइलीत उतरवलं तर टिकतं. न उतरवता लाइन गेली की डोकं रिकामं.

आपलं प्लगिन दर थोड्या वेळाने आपोआप उतरवायचं. आणि तू जायच्या बऱ्याच आधी एकदा फोनवर मला म्हणाली होतीस, "शुभे, साठवायचं सारं नव्यानं लिहून राहिली मी. तोवर मधलं सेव्ह बंद ठेवलं हाय. गाव बंद करतानाच एकदा लिहीन थे." मी लगेच विचारलं, आणि लाइन गेली तर? तू हसलीस. म्हणालीस, बाबा हाय ना घरी.

तू चालू गावातच दुरुस्त्या घालायचीस, गाव बंद करत नव्हतीस, म्हणजे त्या फोननंतर गावात जे जे झालं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तुझं नवं वावर नाही, पोरांच्या पाट्या नाहीत, काहीच नाही. ते फक्त त्या एका चालू कॉम्प्युटरात होतं. आणि बंद करताना लिहायचा जो भाग तू नव्याने करत होतीस, तो पुरा झाला होता की अर्धा होता, हे सांगायला तू नव्हतीस. अर्धा असला तर गाव बंद करताना काहीच उतरणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, जुनी चांगली फाइल पुसून तिच्या जागी अर्धवट काहीतरी लिहिलं जाईल.

बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि अकोला येईपर्यंत मी हेच डोक्यात घोळवत होते. समोरची बाई मला सांबारवडी देऊ करत होती, मी घेतली आणि हातात धरून बसले. ती म्हणाली, खा ना बाई, तब्येत बरी नाही काय? मी म्हटलं, परीक्षा आहे. एवढंच सुचलं.

तुला आठवतं, आपण एकदा सगळं गाव प्रश्नचिन्हांत बुडवलं होतं? पहिल्या उन्हाळ्यात. सगळे सांगत होते, फाइलीत नावं इंग्रजी अक्षरांत लिहा, कटकट नको. तू ऐकायला तयार नाही. वावराला वावरच लिहायचं, तुरीला तूर. आणि कोणत्या पद्धतीने अक्षरं लिहायची हे प्लगिनला सांगायचं आपण दोघी विसरलो. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं ठीक, तुझ्याकडे गाव एकदा बंद करून चालू केलं आणि प्रत्येक फाइलीत नुसती प्रश्नचिन्हं. नाव, पीक, पाटी, सगळीकडे प्रश्नचिन्हांची रांग. मी रडायच्या बेतात होते. तू पोरांना एकेक करून बोलावलंस आणि विचारलंस, सांग रे, तुझं काय होतं? जो तो आपलं वावर होतं त्याच्या दुप्पट सांगून गेला. तेल्हाऱ्याच्या तुझ्या मावसभावाने तर मधला ओढाही आपलाच म्हणून लिहून घेतला. तू सगळं खरं मानून लिहीत गेलीस. मी म्हटलं, अगं खोटं बोलून राहिलेत हे. तू म्हणालीस, बोलू दे, वावर आपल्या घरचं थोडंच हाय.

त्या दिवशी मी तुझ्यावर भडकले होते आणि आतून मात्र मला तुझा हेवा वाटला होता. एवढं सगळं गेलं आणि ही पोरगी हसत बसून पुन्हा लिहिते. मला ते जन्मात जमलं नसतं.

तुमच्या घरी पोचले तर आत उकाडा मरणाचा. पंखा बंद, फ्रिज बंद, काकू दारात पदराने वारा घेत बसलेल्या. काकांनी इन्व्हर्टरवरची बाकी सगळी कनेक्शनं काढून टाकली होती. लाइन गेली तर बॅटरी फक्त तुझ्या कॉम्प्युटरला मिळावी म्हणून. बॅटरीही जुनी, अर्धा तास टिकली तरी पुष्कळ. रोज सकाळी ते आपल्या जुन्या हाताखालच्या माणसांना फोन करून विचारत, आज कुठं काम हाय, आपली लाइन जाते का. झोपायचेही तिथेच, कॉम्प्युटरपाशी फरशीवर.

आणि पडद्यावर तू.

तू पाठीमागून दिसायचा कॅमेरा ठेवायचीस, त्यामुळे तुझी पाठ दिसत होती. तुझ्या वावराच्या कडेला, माझ्या वावराकडे तोंड करून. तुझा तो पिवळा ओढणीवाला पोशाख आणि डोक्यावर नाव, प्रणाली. खेळातला माणूस नुसता उभा असला तरी त्याचे हात जरा हलत राहतात. ते हलत होते. काका हळूच मला म्हणाले, "श्वास घेते थे." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तुझ्या कीबोर्डला मी हात लावला नाही. आधी माझा लॅपटॉप तुमच्या घरच्या वायफायला जोडला आणि माझ्या नावाने गावात शिरले. काय काय आहे ते बघून, प्रत्येक वावराचे नि पाटीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे होते, म्हणजे सगळं गेलंच तर निदान हाताने लिहिता येईल. माझ्या वावरातून चालत तुझ्याकडे आले आणि तुझ्यासमोर उभी राहिले. इतकी वर्षं मी समोर आले की तू उडी मारायचीस किंवा माझ्या अंगावर काहीतरी फेकायचीस. आता तुझं ते चौकोनी तोंड माझ्या आरपार कुठेतरी बघत होतं. मी बाजूला सरकले, तुझी मान वळली नाही. खरं सांगते प्रणाली, तुला स्मशानात नेलं तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते. लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं आणि काकूंकडे पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाकण पुन्हा उघडलं तर दिसलं, पोरांनी तुझ्या पायापाशी पाट्या लावल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, ताई तूर वाळून राहिली, पाणी टाकजो. दुसरीवर नुसतं, ताई. मी फोटो काढत गेले.

मग जुन्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्यायच्या होत्या. त्यासाठी तुझ्याच कॉम्प्युटरवर खेळाची खिडकी खाली करावी लागणार होती. मी केली, आणि काकांनी माझा दंड धरला. "गेली का?" एवढंच बोलले. मी खिडकी पुन्हा वर आणून दाखवली. त्यांनी दंड सोडला तेव्हा तिथे बोटांच्या खुणा उमटलेल्या होत्या. मग मी दर वेळी आधी सांगत गेले, काका, आता थोडी झाकते, ती आहे तिथेच आहे.

फाइली घेताना आपला तो वाद समोर आला. धुरा कोणाच्या फाइलीत लिहायचा? मी म्हणत होते, धुरा दोघांचा, म्हणून सगळ्या धुऱ्यांची एक वेगळी फाइल करू. तू म्हणायचीस, माणसाची फाइल उघडली की त्याचं सगळं दिसलं पाहिजे, शेजारी पण. दोघांच्याही फाइलीत लिहू. मी म्हणायचे, आणि दोन फाइलींत वेगवेगळं लिहिलं गेलं तर खरं कोणतं धरायचं? तू म्हणायचीस, मग दोघांनी बसून बोलायचं. राजकमल चौकात गिला वडा खाताना, बडनेरा स्टेशनवर, फोनवर, हा वाद आपण किती वर्षं घातला. एकदा तर तुझी गाडी सुटायला आली होती आणि तू खिडकीतून ओरडून मला मुद्दा सांगत होतीस. लोकांना वाटलं असेल खरंच कुठल्या शेतावरून भांडतायत.

त्याच वेळी काकांचा मोबाइल वाजला. त्यांच्या ओळखीच्या माणसाने सांगितलं की डीपीवर काम निघालंय, थोड्या वेळात आपल्या भागाची लाइन बंद करतील, कधी येईल सांगता येत नाही. काकांनी त्याला विनवणी केली, आज नको, उद्या कर. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या अशा विनवण्या ऐकल्या, तो स्वतः विनवत होता. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या चेहऱ्यावरच कळलं.

मी म्हणाले, काका, आता गाव बंद करावं लागेल. आपण नीट बंद केलं तर सगळं फाइलीत उतरायची आशा आहे. लाइनने बंद केलं तर काहीच नाही.

ते पडद्याकडे बघत होते. "बंद केलं तं थे जाईन."

"हो काका. पडद्यावरून जाईल."

"अन् पुन्हा चालू केलं तं?"

"गाव दिसेल. ती नाही दिसणार. तिच्या नावाने कोणीतरी आत गेलं तरच दिसेल."

"तिच्या नावानं कोनी जाऊ नोको." मग म्हणाले, "अन् नाई केलं बंद, तं?"

"लाइन जाईपर्यंत राहील. मग बॅटरी आहे तोवर."

मला वाटलं ते म्हणतील, राहू दे तेवढंच. खरं सांगू, मलाही आतून तेच हवं होतं. ते म्हणाले असते तर सुटले असते मी. फाइल माझ्या हाताने खराब झाली असं आयुष्यभर म्हणावं लागलं नसतं. काकांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली, तुझी खुर्ची, आणि स्वतः बॅटरीपाशी जाऊन तारेवर हात ठेवून उभे राहिले.

गाव चालवणाऱ्या सर्व्हरच्या काळ्या खिडकीत मी बंद करायचा शब्द लिहिला. चार अक्षरं लिहायला माझी बोटं तीनदा चुकली. एंटर दाबायच्या आधी मी तुला मनात शिवीही दिली, तुला कळली असेल तर कळू दे. मधलं सेव्ह बंद ठेवून कोणी जातं का गं?

दाबलं.

गावातून कोणी बाहेर पडलं की दिसायची ती ओळ तूच लिहिलेली होती, इतक्या वर्षांत मी ती हजारदा वाचली होती. काळ्या खिडकीत ती उमटली. 'प्रणाली घरी गेली.' काकांना तिथून दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं काय लिहून आलं. मी ते वाचून न दाखवता म्हटलं, थांबा काका, बंद होतंय.

मग काही क्षण काहीच झालं नाही. मी फोल्डर उघडून बघत होते. जुनी फाइल होती तशीच होती. आणि मग फोल्डरात एक नवी फाइल आली, तुझ्या नावापुढे 'नवीन' लावलेली. ती पुरी भरली, आणि मगच जुनीच्या जागी गेली. मग पुढच्याची, मग त्याच्या पुढच्याची. एकेक वावर उतरत होतं.

हे माझं होतं प्रणाली. आधी वेगळ्या फाइलीत पुरं लिही आणि मगच जुनीला हात लाव, म्हणजे मध्येच लाइन गेली तरी एक तरी धड राहील, हे मी तुला किती वेळा सांगितलं होतं. आणि दर वेळी तू म्हणायचीस, भित्र्या लोकांची कामं ही. कधी लिहिलंस ते? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी चार दिवस तोऱ्यात फिरले असते, म्हणूनच सांगितलं नसशील.

तुझी फाइल उघडताना मी डोळे अर्धे मिटले होते. प्रश्नचिन्हं नव्हती. 'प्रणाली' असं स्वच्छ लिहिलं होतं. खाली वावर, त्याच्या आत तूर, कापूस, एक ओळ लिंबाच्या झाडासाठी, पायापाशी पोरांनी लावलेल्या पाट्या. सगळ्यात शेवटी धुरा असं लिहून पुढे जागा कोरी. माझ्या फाइलीतही तसंच, धुरा, आणि पुढे काही नाही. तू अजून ठरवलं नव्हतंस. माझ्याशी बोलल्याशिवाय ठरवलं नसतंसच तू, एवढं मला कळलं. आता ते कोरंच राहणार. मी एकटीने भरणार नाही.

मी सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं, माझ्या लॅपटॉपवर घेतलं, पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा बंद केलं. मग वळून काकांना सांगितलं, आलं काका, सगळं उतरलं.

काका अजून तारेवर हात ठेवूनच होते. "मंग आता लाइन गेली तं?"

"गेली तर गेली काका. आता काही होत नाही."

"काईच नाई होत?"

"नाही."

त्यांनी तारेवरचा हात काढला. तो कुठे ठेवावा हे त्यांना समजेना, एकदा खिशात घातला, एकदा बॅटरीवर ठेवला. लाइन अजून गेली नव्हती. मग ते तिथेच फरशीवर बसले आणि रडायला लागले. तू गेल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, स्मशानातही नाही. लहान पोर हमसून रडतं तसे रडत होते. राखायला काही उरलंच नव्हतं ना त्यांच्याकडे, आणि ते माझ्या हाताने झालं होतं. मी खुर्चीत तशीच बसून राहिले, त्यांच्याजवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

काकू बाहेरून धावत आल्या. त्यांनी काकांकडे बघितलं, तू नसलेल्या पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय झालं वं शुभांगी? गेलं का सारं?"

"नाही काकू," मी म्हणाले. "राहिलं. सारं राहिलं."